आमची वाटचाल : रेडिमेड प्रोजेक्ट ते स्वतःचा बोर्ड

खरं सांगायचं तर सुरुवातीला आम्ही कुणाला शिकवत वगैरे नव्हतो, इलेक्ट्रॉनिक्सचे प्रोजेक्ट विकत होतो. फायनल इयरची पोरं मार्चमध्ये यायची, सर व्हायवाच्या आधी पाहिजे, की मी पुण्यात तपकीर गल्लीत जाऊन 8051 मायक्रोकंट्रोलर, 7805 (5 व्होल्ट देणारा रेग्युलेटर), रिले घेऊन यायचो आणि झिरो पीसीबीवर, म्हणजे नुसती भोकं असलेल्या तयार बोर्डवर, सोल्डर करून द्यायचो. धंदा चालत होता, खोटं कशाला बोलू.

मग एका पोरानं आमचाच मोटर कंट्रोलर काकांच्या विहिरीवर नेऊन लावला. माझ्या टेबलावर महिनाभर नीट चाललेला, तिकडे स्टार्टरचा कॉन्टॅक्टर सुटला की कंट्रोलर रिसेट! जाऊन बघितलं तर चूक माझीच, कॉइलला स्नबर (उसळणारं व्होल्टेज शोषणारा भाग) नाही, ग्राउंडची वायर केसासारखी बारीक, आणि आयसीच्या सप्लाय पिनजवळ 0.1 मायक्रोफॅरॅडचा साधा कपॅसिटरसुद्धा नाही. पोरगं विचारतं, सर असं का होतं, आणि मला दोन मिनिटं बोलता येईना.

त्यानंतर शिकवायची बॅच सुरू केली. 8051 वाईट नाही हो, पण तो 1980 चा, आणि आज पोरांच्या हातात ईएसपी32 हा वायफायवाला मायक्रोकंट्रोलर असतो जो 3.3 व्होल्टचा, त्याला अल्ट्रासॉनिक सेन्सरचे 5 व्होल्ट थेट दिले की पिन जायची भीती, वायफाय चालू होताना करंट एकदम वाढतो आणि सप्लाय कमजोर असेल तर ब्राउनआउट, म्हणजे व्होल्टेज पडून बोर्ड रिसेट. त्याच्या जीपीआयओ 12 या पिनवर काहीतरी जोडून ती बूटच्या वेळी हाय राहिली की फ्लॅश मेमरीचं व्होल्टेज चुकतं आणि बोर्ड उठतच नाही. यात आमच्या एका बॅचचा अख्खा रविवार गेलाय, सगळे कोड बघत बसलेले. डेटाशीटमध्ये, म्हणजे कंपनीच्या माहितीपत्रकात, आधीपासून लिहिलेलं होतं.

म्हणून आता पहिल्या दिवशी सोल्डरिंग गन देतच नाही. गणित करायला लावतो, 12 व्होल्टवरून 7805 नं 5 केले आणि 400 मिलिअँप ओढले तर उष्णता किती? 2.8 वॅट. मग हीटसिंक न लावता खरंच चालवून दाखवतो, बोट लावायला कुणी तयार नसतं, तेव्हा बक कन्व्हर्टर (कमी तापून व्होल्टेज उतरवणारा) कशाला ते सांगावं लागत नाही. बोर्डचा लेआउट कायकॅड सॉफ्टवेअरमध्ये, ते फुकट आहे आणि चांगलं आहे, खालचा लेयर शक्यतो अख्खा ग्राउंड. बोर्ड बनायला टाकायच्या आधी शेजारच्यानं लाल पेनानं तपासायचा, यावरून भांडणं होतात, होऊ देतो.

मार्चमध्ये अजून फोन येतात, सर रेडिमेड मिळेल का. नाही म्हणतो, आणि त्या महिन्याचं भाडं काढताना जीव जातो.