परका ट्रिगर : सहावा आठवडा

गेल्या वेळी लिहिलं होतं की नवीन पिस्तूल आलंय. नवीन म्हणजे माझ्यासाठी नवीन, कोल्हापूरच्या एका सिनियर दादाकडनं सेकंडहँड घेतलेलं 10 मीटरचं पीसीपी (आधी दाबून भरलेल्या हवेवर चालणारं एअर पिस्तूल), मेकॅनिकल ट्रिगरवालं. राही सरनोबत, तेजस्विनी सावंत ह्या नेमबाजांच्या गावातनं आलंय म्हणजे आपोआपच दहा पडणार असं मनात कुठंतरी होतं, खोटं कशाला बोलू.

जुन्या पिस्तुलावर 60 शॉट्सला 600 पैकी 548 यायचे. ह्याच्यावर पहिल्याच आठवड्यात ग्रुप सगळा डावीकडं, आठाच्या रिंगमध्ये. साइट उजवीकडं क्लिक केली तर दोन सिरीज (दहा-दहा शॉट्सच्या) बऱ्या गेल्या आणि परत डावीकडं. जुना ट्रिगर लोण्यासारखा सरकत जायचा, कुठं सुटला कळायचंच नाही. ह्याचा ट्रिगर दोन टप्प्यांत दाबायचा, पहिला स्टेज हलका आणि दुसऱ्याला भिंत लागल्यासारखं, त्या भिंतीपाशी मी थांबायचो, आता सुटेल मग सुटेल करत हात थरथरायला लागायचा आणि शेवटी हिसका.

मग जे करायचं नसतं तेच केलं. रात्री जेवल्यावर ॲलन की घेऊन बसलो आणि पहिला स्टेज, दुसरा स्टेज, ट्रिगर स्टॉप (ट्रिगर मागं कुठं थांबायचा ते ठरवणारा स्क्रू) सगळंच फिरवलं, किती आटे फिरवले ते कुठं लिहिलंही नाही. वजन बघायला कोपऱ्यावरच्या किराणावाल्या काकांकडनं लोखंडी अर्ध्या किलोचं माप मागून आणलं ("काय रे, दुकान घालाल्यास काय?"), त्याला तार बांधली, नळी वर करून पिस्तूल उभं धरलं आणि उचललं. माप उचललं गेलं, ट्रिगर सुटला नाही. म्हटलं झालं, ट्रिगर 500 ग्रॅमपेक्षा कमी वजनाला सुटायला नको हा नियम पास.

पुढच्या रविवारी लोकल मॅचला इक्विपमेंट कंट्रोलमध्ये, म्हणजे मॅचआधीच्या तपासणीत, त्यांचं वजन लावलं आणि टक्, ट्रिगर सुटला. परत लावलं, परत टक्. घरी तार मी ट्रिगरच्या पार वरच्या टोकाला, पिव्होटजवळ अडकवली होती, तिथं सुटायला जोर जास्त लागतो, आणि तपासताना वजन लावतात ब्लेडच्या मध्यावर. दरवाज्याची कडी सोडून बिजागरीपाशी ढकलल्यासारखं झालं ते. मग तिथंच घाईत दुसरा स्टेज जड केला, कसाबसा पास झालो आणि अनोळखी ट्रिगरवर 531 मारून घरी आलो. पावसात, टू-व्हीलरवरनं, पिस्तुलाची केस रेनकोटच्या आत छातीशी धरून.

दादाला व्हिडिओ पाठवला. त्यानं ट्रिगर सोडून हाताकडंच बघितलं. म्हणाला, "तुझा पंजा लहान हाय, माझा ग्रिप तुला मोठा. बोटाचं टोक तेवढं पोचालंय, मग ते सरळ मागं येत नाही, बाजूला ढकलतंय." उजव्या हातानं मारणाऱ्याचा शॉट मग डावीकडं जाणारच की. पाच आठवडे मी ग्रॅम मोजत होतो आणि अंतर मोजलंच नव्हतं!

आता काय केलंय ते सांगतो. मॅन्युअल बघून सगळे स्क्रू मूळ सेटिंगला आणले. ट्रिगर शू (बोट टेकतं तो भाग) सुमारे 3 मिलिमीटर मागं घेतला आणि किंचित फिरवला, पहिल्या पेराचा मधला भाग बसेल एवढा. ग्रिपवर जिथं अंगठ्याखालचा फुगवटा टोचत होता तिथं पॉलिश पेपर मारला, थोडा थोडा, कारण लाकूड घासलं की परत येत नाही. आणि वजनाची वाटणी बदलली, आधी दोन्ही स्टेजला साधारण निम्मं निम्मं होतं, आता 400 ग्रॅम पहिल्याला आणि 110-120 दुसऱ्याला. भिंतीपर्यंत पोचतानाच बहुतेक जोर लावून झालेला असतो, मग पलीकडं थोडंसंच राहतं. एका वेळी एकच स्क्रू, पाव आटा, वहीत तारीख टाकून, आणि पुढचे 200 शॉट्स त्याला हात लावायचा नाही. ट्रिगरचं वजन परत तपासलं, तार ह्यावेळी मध्यावर.

रोज अर्धा तास ड्राय फायर, म्हणजे पेलेट न भरता नुसता ट्रिगर दाबायचा सराव, चालू आहे, कोऱ्या भिंतीसमोर, टार्गेट न लावता. टार्गेट दिसलं की मी दहाची वाट बघतो आणि बोट थांबतं, कोऱ्या भिंतीवर वाट बघायला काही नसतंच. आमचं बेळगावच्या शहापुरातलं जुनं घर लांबोडकं आहे, पुढच्या खोलीपासनं परसदारापर्यंत सरळ 10 मीटर मिळतात, खरे पेलेट मारताना परसदाराला कुलूप लावूनच पेलेट ट्रॅप (पेलेट अडवणारी पेटी) लावतो. आईला त्या टकटकीचा वैताग, "कुंदा खायला ये म्हटलं तर ऐकू येत नाही, ते टक् मात्र बरोबर ऐकू येतंय."

काल 60 शॉट्स पूर्ण केले, 544. जुन्या आकड्याला अजून चार कमी. पण डावीकडचा ढीग मोडला, जे आठ पडले ते खाली पडलेत, म्हणजे मनगट सैल सोडतोय, त्यात ट्रिगरचा दोष नाही. शेवटच्या सिरीजमध्ये तीन शॉट असे गेले की सुटल्यावरच कळलं सुटला, तिन्ही दहा.

ग्रिपला बोटांच्या मधल्या फटीत वुड फिलर भरायचं आहे, पण ह्या पावसात ते वाळेल असं वाटत नाही. कोणी बेळगाव-खानापूर बाजूला पावसाळ्यात भरलं असेल तर किती दिवस ठेवलं ते सांगा.