समर टर्मला पीएल नसते

निकालाच्या पानावर एफ, म्हणजे नापास, दिसला की कुणीही आधी हिशेब करत नाही, पान रिफ्रेश करतं. दुसऱ्यांदाही एफच असतो. मग फोटोकॉपी (तपासलेल्या उत्तरपत्रिकेची प्रत), रिव्हॅल (फेरतपासणी), केटी (नापास विषय पुढे नेऊन पुन्हा देणं) आणि समर टर्म (राहिलेल्या विषयाचं उन्हाळी सत्र) हे चार शब्द एकाच संध्याकाळी घरात शिरतात. आईला त्यातला फक्त केटी ओळखीचा वाटतो; तो मामाच्या वेळेपासून घरात आहे.

हिशेब मात्र करून बघावा. दहापैकी अंक देणाऱ्या ग्रेड पद्धतीत ओ म्हणजे १०, ए प्लस ९, ए ८, बी प्लस ७, बी ६, सी ५, पी ४ आणि एफ शून्य. प्रत्येक विषयाच्या क्रेडिटला, म्हणजे त्याच्या वजनाच्या आकड्याला, ग्रेडच्या अंकाने गुणायचं, सगळ्याची बेरीज करायची आणि एकूण क्रेडिटने भागायचं. समजा, सेमिस्टर २० क्रेडिटचं आहे आणि ४ क्रेडिटचं गणित सोडून बाकीच्या १६ क्रेडिटची बेरीज १३१ आली. गणितात एफ, तर एसजीपीए, म्हणजे सेमिस्टरची सरासरी, ६.५५. त्याच गणितात सी आला असता तर १५१ भागिले २०, म्हणजे ७.५५. एका पेपरने अख्खा पॉइंट गिळला. (काही विद्यापीठं एफ असेल तर एसजीपीए छापतच नाहीत, नुसती रेघ मारतात. ती रेघ आकड्यापेक्षा जास्त टोचते.) पण हेच २० गुण आठ सेमिस्टरच्या १६० क्रेडिटमध्ये पसरले की फरक उरतो ०.१२५. पुढे विषय सी ने सुटला तर तेवढाही उरत नाही. त्या संध्याकाळच्या रडण्याचा एवढाच हिशेब. उलट, एक क्रेडिटच्या प्रॅक्टिकलमध्ये ए चा ओ व्हावा म्हणून रात्रभर फाइल सजवणाऱ्याच्या हाती त्या सेमिस्टरला ०.१ लागतो. फाइल सुंदर दिसते, ते वेगळं.

फोटोकॉपी जरूर मागवावी. हातात आली की उत्तरं वाचत बसण्याआधी तीन गोष्टी बघाव्यात: पहिल्या पानावरची बेरीज, एखादा प्रश्न तपासायचा राहिला आहे का, आणि पुरवणीवर लाल पेन फिरलं आहे का. तिथे काही सापडलं नाही आणि गुण पासच्या काठापासून दूर असतील, तर रिव्हॅलवर आशा टांगून ठेवून समर टर्मच्या नोंदणीची तारीख घालवू नये. ही चूक दरवर्षी होते.

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) पदवी अभ्यासक्रमाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यात उन्हाळी सत्र आठ आठवड्यांचं धरलं आहे, आणि राहिलेले विषय त्यात वेगाने पूर्ण करण्याची सोयही सांगितली आहे. ‘वेगाने’ या शब्दात सगळं आलं. थिअरीचा एक क्रेडिट म्हणजे १५ तास, चार क्रेडिटचे ६०. एरवी पंधरा आठवड्यांत आठवड्याला चार तास होतात. समर टर्ममध्ये टेस्ट आणि परीक्षेचे दिवस वजा केले की शिकवायला सहाएक आठवडे उरतात. म्हणजे आठवड्याला दहा तास, रोज दोन. हजेरी ७५ टक्के लागत असेल तर बुडवायला १५ तास, म्हणजे साडेसात दिवस मिळतात. मावसभावाच्या लग्नात हळद, सीमांत, लग्न आणि पूजा धरली की चार दिवस गेले. आंबे उतरवायला गावी गेलात तर उरलेलेही संपले.

तरी खरी अडचण वेगळीच आहे. आपल्याकडे अभ्यास पीएलमध्ये, म्हणजे प्रिपरेशन लीव्हमध्ये, करायचा असतो. सेमिस्टरभर झेरॉक्स गोळा करायच्या आणि पेपरआधीच्या सुट्टीत त्या उघडायच्या, ही चालत आलेली रीत. समर टर्मला पीएल नसते. शुक्रवारी शेवटचं लेक्चर, सोमवारी पेपर. पीएलच्या भरवशावर एफ आलेला माणूस समर टर्ममध्येही पीएलचीच वाट बघत बसतो.

गणितात हे लवकर उघडं पडतं. इंजिनिअरिंगच्या गणितातला लाप्लास ट्रान्सफॉर्म घ्या. सोमवारी शिफ्टिंगचा नियम झाला, बुधवारी इन्व्हर्स, म्हणजे उलटा लाप्लास, सुरू. फळ्यावर येतं: एक छेद, एस वर्ग अधिक चार एस अधिक तेरा. छेदाचा पूर्ण वर्ग करायचा: एस अधिक दोनचा वर्ग, अधिक नऊ. आता नऊ म्हणजे तीनचा वर्ग, म्हणून साइन तीन टी. सरकलेल्या दोनमुळे पुढे ई चा उणे दोन टी घात. आणि साइनच्या सूत्रात वर तीन हवा, तो इथे नाही, म्हणून बाहेर एक तृतीयांश. हा एक तृतीयांश हमखास विसरतो आणि मार्क तिथेच जातात. यात लाप्लास थोडाच आहे. पूर्ण वर्ग दहावीचा, आणि पुढच्या लेक्चरला लागणारे आंशिक अपूर्णांक बारावीचे. म्हणून वर्ग सुरू होण्याआधीच्या शनिवार-रविवारी लाप्लासला हात न लावता पूर्ण वर्गाची दहा आणि आंशिक अपूर्णांकांची वीस गणितं सोडवून ठेवलेली बरी.

विषय एकच घ्यावा. दोन घेतले की आठवड्याला वीस तास वर्गातच जातात, आणि त्यातल्या एकाला प्रॅक्टिकल असेल तर जर्नल घरी लिहावं लागतं.

बाकी वर्ग तसा बरा असतो. नऊ-दहा जण, सरांना तिसऱ्या दिवशी सगळ्यांची नावं पाठ. मागच्या बाकावर कुणी बसत नाही. मे महिन्यात पंखे फक्त पुढच्या दोन रांगांवरचेच लावलेले असतात.