सोळाशेचा खांब

मावसभावाचा फोन आला तेव्हा मी पुण्यात ऑफिसच्या पार्किंगमधे गाडी काढत होतो. हॅलो नाही काही नाही, डायरेक्ट म्हणे, "तुयं नाव देऊन टाकलं बे म्या, पाच किलोमीटरात, वीस रुपये लागते, आल्यावर देजो." मी गेली चारपाच वर्षं पळतो हे त्याला फेसबुकवरच्या मेडलांमुळे माहीत, आणि त्यांच्या गावात १२ जानेवारीला, म्हणजे जिजाऊ जयंती आणि विवेकानंद जयंती एकाच दिवशी येते त्या दिवशी, पोट्ट्यांनी दौड ठेवलेली. मावशीला भेटून दोन वर्षं झाली होती, म्हटलं चला.

रात्री पुण्यातून महाराष्ट्र एक्सप्रेस पकडली. सकाळी भुसावळला चहा, मग अकोला, आणि बडनेरा गेलं की माझी मान आपोआप खिडकीकडे वळते, कारण तिथून पुढे सगळं आपलं वाटतं, पऱ्हाटीला लागलेला कापूस, मधेमधे वाळायला आलेल्या तुरी, हिरवागार हरभरा आणि धुऱ्यावर उभी बाभूळ. उतरायचं धामणगाव रेल्वेला. गावाच्या नावातच रेल्वे आहे, शेजारी चांदूर रेल्वे, तिकडे वर अचलपूरकडे चांदूर बाजार. लहानपणी मला वाटायचं रेल्वेवाल्यांनीच गावं वसवली असतील आणि बाजारवाल्यांनी उरलेली.

भाऊ मोटरसायकल घेऊन आलेला. आमचं गाव तळेगाव दशासरच्या बाजूला. तळेगाव म्हटलं की विदर्भात कोणीही पहिले शंकरपटाचंच, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीचंच बोलेल. सुप्रीम कोर्टाने २०१४ मधे शर्यतींवर बंदी घातली ती डिसेंबर २०२१ पर्यंत होती, आणि त्या सात वर्षांत मावसाजींनी पटाचा बैल दारात बांधलेला ठेवला, विकला नाही, त्यावरून मावशी अजूनही बोलते. तर या माणसाने मला अंगणात बघितलं, पायातले बूट बघितले, हातातलं घड्याळ बघितलं आणि विचारलं, "खुराक काय देतेत याले?" मावशी म्हणाली सोले-वांगे. झालं, रात्री ताज्या तुरीच्या सोल्यांची भाजी आणि भाकरी, मी किती खाल्ली ते लिहीत नाही, दुसऱ्या दिवशी पळायचं होतं एवढं फक्त लक्षात ठेवा.

सकाळी सहाला शाळेच्या पटांगणात गेलो तर थंडी अशी की तोंडातून धूर. एका कोपऱ्यात तुराट्यांची शेकोटी, भोवती पंचवीस-तीस पोरं हात शेकत उभी, कोणी ट्रॅकपँटमधे, कोणी नुसत्या हाफ चड्डीत. पटांगणावर फक्कीची लाईन मारलेली. व्हरांड्यात टेबल, टेबलावर बक्षिसं मांडलेली, पहिलं ३००१ रुपये, दुसरं २००१, तिसरं १००१, आणि प्रत्येक पाकिटावर कोणाच्या तरी स्मरणार्थ. बाजूला भिंतीवरची घड्याळं, थर्मास, स्टीलचे डबे. छातीला लावायचे नंबर वगैरे प्रकार नव्हता, एक पोरगी मार्कर घेऊन डाव्या दंडावर नंबर लिहीत होती. माझा नंबर आला तर मी फुल बाह्यांचा टीशर्ट घातलेला, पुण्यात थंडीसाठी म्हणून बाराशेला घेतलेला. ती म्हणाली, "काका, बाही वर करा न जी." ४७ लिहिलं. काका ऐकून जे झालं ते झालं.

मग फोटोंना हार, नारळ, आणि भाषण. भाषण थोडक्यात आहे असं सांगून सुरू झालं. तेवढ्यात वॉर्मअप केलेला सगळा थंड पडला, शेकोटीकडे परत जाऊन आलो.

रूट असा की शाळेतून निघायचं, मारोतीच्या देवळावरून डांबरी रस्त्याला लागायचं आणि समृद्धी महामार्गाच्या खालून जो बोगदा जातो तिथून वळून परत. समृद्धी या तालुक्यातूनच गेलाय, वरून गाड्या १२० ने नागपूर-मुंबई करतात आणि खालून बंड्या, म्हणजे बैलगाड्या जातात कापूस घेऊन. वळणावर एक आजोबा गुलालाचं ताट घेऊन बसणार, ते कपाळाला बोट लावतील, ज्याच्या कपाळावर गुलाल नाही तो बाद. चिप टायमिंगपेक्षा मला हे जास्त आवडलं, खरं सांगतो.

शिट्टी वाजली आणि पोरं सुटली. सुटली म्हणजे अक्षरशः सुटली, भोंग्यावरचा माणूस पटात बोलतो तसंच बोलत होता, "सुटली रे सुटली, जोडी सुटली!" मी आपला शहाणा, पहिला किलोमीटर सावकाश काढायचा, शेवटी वाढवायचं, जे यूट्यूबवर सांगतात ते. देवळापर्यंत माझ्यामागे फक्त दोघं, एक दहावीतला गोलमटोल पोरगा आणि एक कुत्रं.

पण पुढे गंमत झाली. रस्त्याच्या कडेला विजेचा एक खांब, त्याला चुन्याचा पट्टा मारलेला, आणि तिथे दहाबारा पोरं गुडघ्यावर हात ठेवून वाकून उभी, धापा टाकत. कोणी मोबाईलमधे बघतंय, कोणी एकमेकांना आकडे सांगतंय. मला वाटलं, संपले! बघा, सुरुवातीलाच जोर लावला की असं होतं. मी त्यांच्यामधून असा काही गेलो की काय सांगू, एकाला तर म्हणालोसुद्धा, "चल चल, हळूहळू चल." तो नुसता हसला.

पुढचं मग मजेत गेलं. वावरात कापूस वेचणाऱ्या बाया कमरेला ओटी बांधून उभ्या राहून बघत होत्या, एकजण ओरडली, "पय न बावा, पय! मांगून कुत्रं येऊन राह्यलं!" कुत्रं खरंच अजून होतं. बोगद्यात आजोबांनी गुलाल लावला, घामाने तो नाकावर आला, परत येताना ऊन अंगावर, आणि सोले-वांग्यांनी चौथ्या किलोमीटरला आपली हजेरी लावली. नववा आलो. माझ्या घड्याळात अंतर ४.७३ भरलं, ते आयोजकाला सांगितलं तर तो म्हणाला, "मोटरसायकलच्या मीटरनं मोजलं जी, तुमचं घड्याळ चुकत असन."

पोरींची तीन किलोमीटरची दौड नंतर झाली. जी पहिली आली तिची आई तिच्या चपला हातात धरून लाईनीवर उभी होती. बक्षीस थर्मास, पोरगी फोटोला उभी आणि आईने थर्मासचं झाकण तिथेच उघडून, आत बोट घालून, परत लावून बघितलं.

तर तो खांब. पोहे खाताना तो हसलेला पोरगा शेजारी बसला, त्याला विचारलं, का रे थांबला होता तू, दम लागला का? म्हणे, "नाई जी, तो सोळाशेचा खांब हाय."

मग कळलं. पोलीस भरतीला पोरांना १६०० मीटर पळावं लागतं, ग्राउंडचे, म्हणजे मैदानी चाचणीचे एकूण ५० मार्क, त्यातले २० या एका पळण्याचे, उरलेले १०० मीटरचे आणि गोळाफेकीचे १५-१५. पूर्ण २० पाहिजेत तर ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत. पोरींना ८०० मीटर, त्यांचा खांब वेगळा, देवळाच्या अलीकडे. खांबाच्या पुढे मार्क नाहीत म्हणून ते पुढे पळत नाहीत. मी म्हटलं मग पाच किलोमीटरात उतरता कशाला? "गर्दीत पयाची सवय झाली पायजे न काका. ग्राउंडले सोबत पोट्टे सोडतेत, कोपर लागते, पायात पाय येते. इथं रोज आमी चौघंच राह्यतो." बीए झालेला, दोन भरत्या गेलेल्या, एकदा ग्राउंडला राहिला, एकदा लेखीला, घरची साडेतीन एकर. हे सगळं पोह्यांवर तर्री टाकत टाकत, चेहऱ्यावर काही नाही. मला त्याला म्हटलेलं ते हळूहळू चल आठवत होतं आणि पोहे जरा अडकत होते.

उठताना तो म्हणाला, "तुमचं घड्याळ सेकंदाच्या पुढचं दाखवते का?" दाखवते म्हटलं.

म्हणून १३ तारखेला, घरी भोगीची गडबड असताना, पहाटे साडेपाचला मी अंधारात त्या खांबाजवळ स्वेटर घालून उभा. शाळेच्या लाईनीवरून कोणीतरी टॉर्च हलवली, मी बटण दाबलं. बराच वेळ काहीच दिसलं नाही, नुसते पाय वाजत होते, आणि मग चौघं एकदम अंधारातून अंगावर आले. हाच पुढे होता. खांब ओलांडून पंधरावीस पावलं गेला, वाकला, थुंकला, परत आला.

"किती?"

"५:१७."

त्याने माझं मनगट धरून स्वतः बघितलं. १७ च्या पुढचे आकडेही बघितले. बाकीचे तिघं आपापले टायमिंग विचारत होते, मला एकट्याला चौघांचे कुठे जमणार, एकाचंच घेतलं होतं.

"काका, गाडी कितीची हाय तुमची?"

दुपारची, म्हटलं.

"मंग दहा मिनिटानं अजून एक खेप धरता का?"

हो म्हटलं आणि ते लाईनीकडे चालत निघाले, मी घड्याळ शून्यावर आणून खांबाला टेकून उभा राहिलो.