सहा फुटी टाकी: काच का ॲक्रिलिक

माशांच्या मोठ्या टाकीचा विषय काढल्यापासून जो तो ॲक्रिलिकच, म्हणजे काचेसारखं पारदर्शक प्लास्टिक, घे म्हणतोय. हलकं असतं, फुटत नाही, क्लिअर दिसतं. मित्राचं तर चालूच, "अजून काचच काय बे?" त्याचं सगळंच चूक नाही म्हणा, ॲक्रिलिकचं वजन काचेच्या निम्मं आणि ९२ टक्के उजेड आरपार जातो, साध्या जाड काचेत हिरवट झाक येते तशी ह्यात येत नाही.

पण सोलापुरात राहून टाकी ठेवायची तर बोअरचं पाणी धरूनच चालावं लागतं. नळाला रोज पाणी येतंय कुठं! एप्रिल-मेमध्ये ऊन ४२-४३ वर गेलं की टाकीतलं पाणी भराभर उडतं, पातळी खाली सरकते आणि वरच्या कडेला क्षारांचा पांढराफटक पट्टा बसतो, फडक्यानं जात नाही, व्हिनेगर लावून थोडा वेळ ठेवायचं आणि मग दाढीचं ब्लेड आडवं धरून खरवडायचं, तेव्हा कुठं पापुद्रे सुटतात. काचेला त्यानं काही होत नाही. ॲक्रिलिकला ब्लेड लावलं की संपलंच, मॅग्नेट क्लीनरमध्ये, म्हणजे टाकी आतून घासायच्या चुंबकात, वाळूचा एक कण अडकला तरी चरा पडतो. पॉलिश करून निघतो चरा, पण आतल्या बाजूचा असेल तर बहुतेक टाकी रिकामी करा, मासे ड्रममध्ये टाका, कोण करणार ते.

दुसरं म्हणजे दाब. पाण्याचा दाब उंचीवर ठरतो, लांबीवर नाही. ६ बाय २ बाय २ ची टाकी काठोकाठ भरली तर ६८० लिटर, आणि नुसत्या समोरच्या बाजूवर ३४० किलोच्या आसपास जोर. ॲक्रिलिक लवचिक, त्यामुळं पोट काढतं, म्हणून शीट जाड घ्या, वरून पट्ट्या मारा, की गेला भाव वर.

आणि बनवणार कोण? इथं ॲक्रिलिकवाले म्हणजे दुकानांचे बोर्ड करणारे. हात साफ असतो त्यांचा, पण टाकीला कास्ट, म्हणजे साच्यात ओतलेली शीटच लागते, स्वस्तातली एक्स्ट्रुडेड, म्हणजे मशिनीतून दाबून काढलेली, चालत नाही, आणि लेझरनं कापलेली कड तशीच सॉल्व्हंटनं चिकटवली तर तिथं बारीक केसासारख्या चिरा येतात. काचेची टाकी लीक झाली तर सिलिकॉन कापून परत भरणारा माणूस गल्लीत मिळतो.

फुटत नाही म्हणणाऱ्यांनी बर्लिनच्या हॉटेलातला ॲक्वाडोम, म्हणजे माशांची भलीमोठी गोल टाकी, आठवावा, ॲक्रिलिकचाच होता, १० लाख लिटरचा, डिसेंबर २०२२ मध्ये फुटला.

गोल टाकी हवी असेल, नाहीतर तिसऱ्या मजल्यावर जिन्यानं चढवायची असेल तर ॲक्रिलिक घ्या बिनधास्त. आमचं घर तळमजल्यावर, सरळ चौकोनी टाकी, १२ एमएमची काच सांगितली. समोरची तेवढी एक्स्ट्रा क्लिअर, म्हणजे हिरवट झाक जवळपास नसलेली, बाकी साधी. त्यावरून घरात "मागची पण चांगली घ्यायची होती की" चालू आहे. मागं काळा कागद लावायचाय ओ, कोण बघणार तिकडं!