तुम्ही विचारलंत म्हणून: जाळ्यातल्या नकोशा माशाचं खत

उजनी धरणाच्या काठावरून, विशेषतः भिगवण-इंदापूर पट्ट्यातून, एक प्रश्न सारखा येतो. जाळ्यात येणारा सकर मासा कोणी खात नाही, बाजारात उठत नाही, मग त्याचं घरच्या घरी खत होईल का? आणि वास न मारता होईल का?

होतं, आणि चांगलं होतं. पण "मासा आणि गूळ कालवून एकवीस दिवस ठेवा" एवढ्यावर भागत नाही. हाताशी मासा किती आहे, यावर पद्धत ठरते. चार-पाच किलो असेल तर गुळातलं द्रावण करा, पोत्यांनी असेल तर पाचटात, म्हणजे उसाच्या वाळलेल्या पाल्यात, कुजवा.

आधी माशाबद्दल. सकर, ज्याला काही ठिकाणी हेलिकॉप्टर मासा म्हणतात, तो मूळचा दक्षिण अमेरिकेतला. शोभेच्या टाक्यांमधून सुटून तो आपल्या पाण्यात आला. अंगावर खवल्यांऐवजी हाडांचं चिलखत आणि परांना टणक काटे असल्यामुळे तो जाळी फाडतो, शिवाय काठाच्या मातीत बिळं करून अंडी घालतो. हवेतूनही श्वास घेत असल्याने पाण्याबाहेर तो तासन् तास जिवंत राहतो. काठावर नुसता टाकून दिला तर सरपटत परत पाण्यात जातो. म्हणून डोक्यावर जोरात घाव घालून आधी मारा आणि मगच पोत्यात भरा. हातमोजे जाड हवेत, काट्याची जखम चिघळते. पाण्यात विष कालवल्याने किंवा प्रदूषणाने मेलेले मासे मात्र खताला घेऊ नका.

आता हिशेब, कारण इथेच बहुतेकांची अपेक्षा चुकते. ताज्या माशात साधारण 16 ते 18 टक्के प्रथिनं असतात आणि प्रथिनांच्या सुमारे 16 टक्के नत्र (नायट्रोजन) असतं. म्हणजे 10 किलो माशात पाव किलोच्या आसपास नत्र, तेवढंच जेवढं 600 ग्रॅम युरियात असतं. आणि द्रावणासाठी त्या 10 किलोंना 10 किलो गूळ लागतो! नत्राच्या भावाने पाहिलं तर हा सौदा परवडत नाही. द्रावणाचा उपयोग नत्राची पिशवी म्हणून नाही. त्यातली अमिनो आम्लं पानांवाटे लवकर मिळतात आणि जमिनीतल्या जिवाणूंना खाद्य मिळतं, त्यासाठी ते करायचं. पोटभर खत हवं असेल तर कुजवणंच खरं. साखर कारखान्याचं मोलॅसिस (मळी) गुळापेक्षा स्वस्त पडतं, पण त्याच्या खरेदीवर आणि साठ्यावर राज्य उत्पादन शुल्क विभागाचं नियंत्रण आहे, हे आधी तपासा.

उजनीच्या दोन्ही बाजूंना ऊसच ऊस आहे, त्यामुळे पाचटाला तोटा नाही. हेच या भागाचं मोठं भांडवल, आणि ते पेटवून देणं जिवाला लागतं. 100 किलो माशाला 150 ते 200 किलो कोरडं पाचट धरा. मासा नत्राने ठासून भरलेला आणि पाचट जवळजवळ नुसतं कर्ब (कार्बन). दोन्हींचं हे प्रमाण जमलं तर कर्ब-नत्र गुणोत्तर पंचवीसच्या आसपास येतं. पाचट कमी घातलं की नत्र अमोनिया होऊन उडतं. तुम्हाला येणारा तो नाक झोंबवणारा वास म्हणजे तुमचं खतच हवेत चाललेलं असतं.

पाचटाची कुट्टी करून घ्या, अख्खं पाचट ओल धरत नाही. जागा उंचवट्यावर, विहीर आणि पाण्यापासून लांब निवडा. खाली कुट्टीचा फूटभर थर द्या आणि तो पाण्याने ओला करा. त्यावर मासा तीन इंचांपेक्षा जाड पसरू नका, कारण जाड थराच्या मधोमध हवा पोचत नाही आणि तिथे चिखल होतो. मासा कडेपासून फूटभर आतच ठेवा. मग शेणकाला शिंपडून पुन्हा नऊ-दहा इंच कुट्टी, असं करत चार ते पाच फूट उंचीपर्यंत न्या. वर फूटभर जाड पांघरूण कोरड्या कुट्टीचंच, कारण वास आणि माशी अडवते ती हीच. कुत्री आणि डुकरं ढीग उकरतात, म्हणून भोवती जाळी किंवा बाभळीच्या काट्या लावा. पावसाळ्यात वर ताडपत्री हवी, पण ती ढिगाला चिकटवून नको, मध्ये हवा खेळू द्या.

तीन ते पाच दिवसांत ढीग तापतो. लोखंडी पहार मधोमध खुपसून दहा मिनिटांनी काढा. टोक हातात धरवत नसेल तर ढीग नीट चालू आहे. आत 55 अंशांच्या वर उष्णता निदान तीन दिवस टिकली पाहिजे, तरच रोगजंतू आणि अळ्या मरतात. ढीग तापलाच नाही तर बहुधा ओल कमी असते. मुठीत दाबल्यावर बोटांमध्ये जेमतेम थेंब दिसावा. सडक्या अंड्यासारखा वास येत असेल तर उलट, पाणी जास्त आणि हवा कमी. तेव्हा कोरडी कुट्टी मिसळून ढीग पुन्हा रचा. बाकी दोन-तीन आठवडे हात लावू नका. लवकर उपसला तर अर्धवट कुजलेला मासा उघडा पडतो आणि गावभर ओरड होते. पहिल्या उपसणीनंतर दर तीन आठवड्यांनी पालटा. तीन ते चार महिन्यांत खत तयार होतं. सकरची हाडं आणि चिलखताचे तुकडे उरतात ते ठिसूळ झालेले असतात, कुटून परत मिसळा. त्यात स्फुरद (फॉस्फरस) आणि चुना आहे.

द्रावणाची गोष्ट थोडक्यात. 5 किलो मासा कोयत्याने एक-दीड इंचाचे तुकडे करून घ्या. आतडी फेकू नका, मासा विरघळवणारी पाचक द्रव्यं तिथेच असतात. 5 किलो काळा गूळ फोडून, 20 लिटरच्या प्लास्टिक बादलीत मासा-गूळ असे थर द्या आणि शेवटचा थर गुळाचा ठेवा. बादली दोन तृतीयांशच भरा. तोंडाला मांजरपाट बांधा, घट्ट झाकण लावलं तर वायूने उडतं. सावलीत ठेवा आणि पहिला आठवडा दिवसाआड लाकडाने दाबून तरंगणारे तुकडे बुडवा. महिन्याभरात, थंडीत जरा उशिरा, मांस विरघळतं आणि आंबट-गोड वास येतो. सामू (पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप) 4.5 च्या खाली हवा, मोजायची पट्टी कृषी दुकानात मिळते. वास कुजका वळला तर गूळ कमी पडला आहे. लगेच किलोभर गूळ आणि अर्धा लिटर आंबट ताक घाला. वर पांढरी बुरशी आली तर चिंता नको. गाळलेला चोथा पाचटाच्या ढिगात टाका.

किनाऱ्यावरचे वाचक तारली आणि बांगड्याच्या टाकाऊ भागांचं विचारतात. पद्धत हीच, पण मिठाचा बर्फ लागला असेल तर धुवून घ्या आणि वर जमणारं तेल काढून टाका, नाहीतर पानं चिकट होतात.

फवारणीला लिटरला 5 मिली, म्हणजे 15 लिटरच्या पंपाला 75 मिली, संध्याकाळी. जोमाने पालेवाढ हवी तेव्हाच द्या आणि फूल लागायच्या आधी थांबवा. ठिबकमधून देताना कापडातून दोनदा गाळा. बोर्डो मिश्रणाबरोबर (मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक) किंवा त्यानंतर लगेच हे द्रावण फवारू नका. त्यातल्या आम्लाने बोर्डोतलं तांबं सुटं होतं आणि डाळिंबाची पानं करपतात.

शेवटी उजनीपुरतं एक. या जलाशयात पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी येतं आणि सकर तळातला गाळ चाटून जगतो. जड धातूंचा संशय ठेवून वागणंच योग्य. त्याचं खत डाळिंब, पेरू, आंब्याच्या आळ्यात किंवा उसाला घाला, मेथी-पालक-कोथिंबिरीला नको. दरवर्षी त्याच जमिनीत घालणार असाल तर एकदा खताचा नमुना प्रयोगशाळेत जड धातूंसाठी तपासून घ्या.