भिंतीत उगवलेले भात

११ डिसेंबर २०२४, मार्गशीर्ष शुद्ध एकादशी

आजही सकाळी साडेनऊपर्यंत धुके हटले नाही. आजऱ्याजवळच्या आमच्या या उतारावर दहिवर इतके पडते, की भिंतींवर घातलेल्या ताडपत्रीच्या कडेने पावसाळ्यातल्या पागोळ्यांसारखे थेंब गळत होते. घराचे काम थांबून आज अकरा दिवस झाले.

जांभ्याचे जोते दिवाळीच्या पाडव्याला पुरे झाले होते. परतीचा पाऊस लांबल्यामुळे तेही पंधरा दिवस उशिराच झाले, पण पुढे उघडीप मिळाली आणि मातीच्या भिंतीचे दीड-दीड फुटाचे दोन थर नीट चढले. माती कुजवून, तीत भाताचा पेंढा तुडवून रचलेली ही दीड फूट जाडीची भिंत एका दमात वर नेता येत नाही. खालचा थर वाळून वरचा भार पेलण्याजोगा झाला, तरच पुढचा थर घालायचा असतो. कडक उन्हात त्याला आठ दिवस पुरतात. नोव्हेंबरच्या अखेरीस फेंगल चक्रीवादळ तिकडे पुदुच्चेरीजवळ किनाऱ्यावर आले आणि इकडे आमच्यावर ढगांचे छत धरले गेले. दोन दिवस पाऊसही झाला. ढग पांगले तेव्हा थंडी आली, आणि आता दिवस लहान, ऊन तिरपे व हवेत रात्रभर ओल, अशी स्थिती आहे.

यात आमची चूक झाली, ती लिहून ठेवायलाच हवी. ढग दिसत असूनही तिसरा थर सुरू करण्याचा आग्रह माझा होता. मिस्त्रींनी भिंतीवर तळहात ठेवून सांगितले होते, ‘वैनी, वरनं वाळलीया, पण पोटात वली हाय. भार घालू नगा, खालनं बसंल.’ ऊसतोडणीचा हंगाम सुरू झाल्यामुळे माणसे मिळेनाशी होतील, या धास्तीने मी ऐकले नाही. पाऊस आला म्हणून आम्ही भिंत ताडपत्रीने घट्ट गुंडाळली आणि आतली ओल आतच कोंडली. चौथ्या दिवशी नैऋत्येचा कोपरा वीतभर फुगून खाली बसला.

तो कोपरा काल फावड्याने उतरवला. कापलेल्या जागी माती काळसर, थंड आणि लोण्यासारखी मऊ होती, आणि तिच्यातून बोटभर लांबीचे पांढरट-हिरवे कोंब बाहेर आले होते. पेंढ्यात राहून गेलेले भाताचे दाणे भिंतीच्या पोटात रुजले होते. मी एक कोंब अलगद ओढून काढला, तर त्याच्या मुळाशी साळीचे अख्खे टरफल तसेच चिकटलेले होते. भाताला रुजण्याइतकी ओल ज्या भिंतीत आहे, तिच्यावर मी छपराचे वजन ठेवायला निघाले होते, हे त्या कोंबाने मला जितके स्वच्छ दाखवले तितके कोणत्याही हिशेबाने दाखवले नसते.

पुण्याहून बाबांचा आज पुन्हा फोन आला. सिमेंटचे ब्लॉक लावले असते तर एव्हाना स्लॅब पडला असता, हे त्यांचे म्हणणे खोटे नाही. निदान बाहेरून सिमेंटचा गिलावा करून घ्या, असेही त्यांनी सुचवले. पण ओल्या मातीवर सिमेंटचे कवच चढवले की ओल आतच अडकते आणि काही वर्षांत गिलावा पोपडे धरून सुटतो; चुन्याचा गिलावा भिंतीला श्वास घेऊ देतो. बाबांची खरी काळजी मात्र वेगळी आहे. १९९३ साली किल्लारीला दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवरची जड माळवदे माणसांवर कोसळली, ती दृश्ये त्यांच्या डोळ्यांसमोरून हटत नाहीत. कोयनेचा १९६७ सालचा भूकंपही ११ डिसेंबरच्याच पहाटे झाला होता. म्हणून दाराखिडक्यांच्या डोक्यावरून घरभर फिरणारा सलग लाकडी पट्टा आणि वर हलके कौलारू छप्पर, या दोन गोष्टींवर आम्ही तडजोड करणार नाही, हे त्यांना पुन्हा शब्द देऊन सांगितले.

या अकरा दिवसांत सौरऊर्जेच्या आमच्या आराखड्यातली उणीवही उघडी पडली. इथे महावितरणची तार घ्यायची नाही, असे ठरवताना बॅटरी दोन दिवसांच्या साठ्याची धरली होती. सलग ढगांत शेडमधला दिवा तिसऱ्या रात्रीच विझला. आता साठा चार दिवसांचा धरावा लागेल आणि त्यासाठी फरशीचा खर्च पुढे ढकलावा लागेल. शिवाय या दिवसांत सूर्य भरदुपारीसुद्धा क्षितिजापासून जेमतेम पन्नास अंशांवर असतो, त्यामुळे फणसाची सावली साडेतीन वाजताच पॅनेलच्या ठरवलेल्या जागेवर येते. फणस तोडायचा नाही. पॅनेल पूर्वेला सरकवायचे.

थांबण्याचा निव्वळ लाभ झाला तो चुन्याला. दिवाळीत विरवलेली चुनकळी टाकीत पाण्याखाली मुरते आहे आणि जितकी मुरेल तितकी ती लोण्यासारखी मऊ होईल.

वेळेचा हिशेब आज पुन्हा मांडला. नऊ फुटांपर्यंत जायला आणखी चार थर हवेत. थराला पंधरा दिवस धरले, तर दत्तजयंतीनंतर सुरू करून भिंती फेब्रुवारीच्या मध्यावर पुऱ्या होतील आणि मार्चअखेर कौले चढतील. गिलावा छपराखाली करता येईल. भीती आहे ती वळिवाची. एप्रिलमध्ये तो आला आणि भिंती उघड्या असल्या, तर एका संध्याकाळी सगळे वाहून जाईल. तरीही आठ दिवसांत थर चढवण्याचा विषय मी आता काढणार नाही, आणि तसे मिस्त्रींना मी आज स्वतःहून सांगितले. ते काही बोलले नाहीत. फक्त ताडपत्रीचे दोर सोडायला उठले.

यापुढे ताडपत्री सकाळी ऊन लागताच काढायची, संध्याकाळी पाचला घालायची आणि भिंतीपासून हातभर दूर बांबूवर ताणायची, म्हणजे खालून वारा खेळेल. रोज संध्याकाळी प्रत्येक भिंतीत लांब खिळा ठोकून पाहायचेही ठरले. आज दक्षिणेच्या भिंतीत तो चार बोटांपर्यंत कोरडा निघाला. उत्तरेच्या भिंतीत दोनच बोटे. त्यापुढे टोकाला ओली माती चिकटून आली.