रेक्याविकमधील स्कूली क्राफ्ट बार: उशिरा आलेल्या बिअरच्या गावी

आइसलँडच्या राजधानीत बिअर प्यायला बसण्यापूर्वी १ मार्च १९८९ ही तारीख ठाऊक असावी, असे मला मनापासून वाटते. त्या दिवसापर्यंत या देशात सव्वादोन टक्क्यांहून अधिक अल्कोहोल असलेली बिअर विकण्यास बंदी होती. वाइन मिळत असे, व्होडका मिळत असे, फक्त बिअर नाही. आज त्याच शहरात स्थानिक बिअरसाठी ओळखले जाणारे बार आहेत, आणि त्यांपैकी स्कूली क्राफ्ट बारमध्ये सप्टेंबर अखेरच्या एका गार संध्याकाळी मी निवांत बसलो होतो.

हा बार आदालस्ट्रायटी या जुन्या रस्त्यावर, एका लहानशा बागेच्या कडेला आहे. बागेत स्कूली माग्नूसोन यांचा पुतळा उभा आहे. अठराव्या शतकात डॅनिश राजवटीत अधिकारी असलेल्या या गृहस्थांनी येथे लोकरीच्या विणकामाचे कारखाने उभारले, त्यातून गावाला शहराचे रूप येऊ लागले, आणि बारचे नावही त्यांच्यावरूनच पडले आहे. याच रस्त्यावर २००१ मध्ये उत्खननात दहाव्या शतकातील एका लांबट घराचे अवशेष सापडले. ते जागेवरच जतन करून भोवती संग्रहालय केले आहे. दुपारी ते पाहून संध्याकाळी बारमध्ये यावे, दोन्ही ठिकाणे चालत दोन-तीन मिनिटांच्या अंतरावर आहेत.

आत गर्दी होती, पण गोंगाट नव्हता. नळांवर त्या दिवशी काय आहे हे फळ्यावर लिहिलेले होते आणि काउंटरमागची तरुणी प्रत्येकाला आधी थोडे चाखायला देऊन मगच ग्लास भरत होती. तिच्याशी बोलता बोलता बंदीचा विषय निघाला. तिचा जन्म बंदी उठल्यानंतरचा; तिच्या आईला मात्र बिअर खुली झाली तो पहिला दिवस लख्ख आठवतो, असे ती म्हणाली.

गोष्ट अशी की १९०८ मध्ये येथे दारूबंदीवर सार्वमत झाले आणि बहुमत बंदीच्या बाजूने पडले. आपल्याकडील ‘उभी बाटली, आडवी बाटली’ या मतदानाच्या बातम्या वाचलेल्या मराठी माणसाला हे परके वाटू नये. बंदी १९१५ पासून लागू झाली. पुढे स्पेनने अट घातली की आमची वाइन घेणार नसाल तर तुमचे खारवलेले मासेही आम्ही घेणार नाही, आणि माशांवर जगणाऱ्या या देशाला १९२२ मध्ये वाइनसाठी दार उघडावे लागले. १९३५ मध्ये कडक दारूही खुली झाली, पण बिअर स्वस्त, म्हणून ती तरुणांना आणि कष्टकऱ्यांना व्यसनाकडे ओढील, या भीतीने तिच्यावरची बंदी तशीच राहिली. विमानांच्या कर्मचाऱ्यांना ती बाहेरून आणण्याची मुभा होती. १९७९ मध्ये एका उद्योजकाने विमानतळावर तोच हक्क स्वतःसाठी मागितला, त्याची चर्चा झाली आणि नंतर सर्वच प्रवाशांना परवानगी मिळाली. १९८०च्या दशकात पबमध्ये सौम्य बिअरमध्ये व्होडका मिसळून विकत. त्यावरही १९८५ मध्ये बंदी आली. अखेर १९८८ मध्ये संसदेने कायदा बदलला. बिअरसारख्या सौम्य पेयावर बंदी ठेवायची आणि जहाल पेय राजरोस विकायचे, ही व्यवस्था इतकी वर्षे टिकली याचे मला खरोखर आश्चर्य वाटते.

या इतिहासामुळेच येथील बिअर मला विशेष वाटली. जर्मनी किंवा बेल्जियममधील बिअर बनवणाऱ्यांच्या पाठीशी शतकांचे पाठ आहेत. येथील मंडळींनी आपल्या भूमीत काय उगवते आणि आपल्या स्वयंपाकघरात काय असते, याकडे पाहिले. बोर्ग या ब्रुअरीची, म्हणजे बिअर बनवणाऱ्या कारखान्याची, ‘स्नोरी’ ही बिअर आइसलँडमध्ये पिकलेल्या जवापासून होते आणि तिच्यात येथील माळरानावर उगवणारे रानटी थाइम ही सुगंधी वनस्पती घालतात. पहिल्याच घोटाला मला ओव्याची आठवण झाली, आणि ती वाट चुकलेली नव्हती, कारण ओवा आणि थाइम या दोन्हींच्या वासामागे थायमॉल हेच द्रव्य असते. त्याच ब्रुअरीच्या ‘फेनरिर’मध्ये तर मेंढ्यांच्या वाळवलेल्या शेणाच्या धुरावर धरलेले माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले धान्य, वापरतात. झाडे विरळ असलेल्या या बेटावर मांस धुरवण्यासाठी पूर्वापार हेच जळण वापरले जाते, त्यामुळे येथील माणसाला तो वास नाताळच्या जेवणाचा वाटतो. मला तो धूर आधी उग्र वाटला. मग हॉप्सचा, म्हणजे बिअरमध्ये घालतात त्या कडू फुलांचा, कडवटपणा त्याच्याखालून वर आला आणि दोन्ही एकमेकांना धरून राहिले. घाईने पिण्याची ही बिअर नव्हे.

दर मात्र चढे आहेत. अल्कोहोलच्या प्रमाणानुसार आकारल्या जाणाऱ्या करामुळे येथे चांगल्या बिअरचा एक ग्लास आपल्याकडील साध्या जेवणाहून बराच महाग पडतो, म्हणून ‘हॅपी अवर’ची, म्हणजे सवलतीच्या दराची, वेळ पाहून जावे. बाटल्या घरी न्यायच्या असतील तर सहसा ‘विनबुदिन’ या सरकारी दुकानांत जावे लागते आणि ती रविवारी बंद असतात. २०२२ पासून लहान ब्रुअऱ्यांना स्वतःच्या आवारात थेट विक्रीची मुभा मिळाली आहे. त्यामुळे शहराबाहेर गाडीने फिरणार असाल, तर वाटेतल्या ब्रुअरीत थांबून बाटल्या घ्याव्यात आणि मुक्कामी पोहोचल्यावरच उघडाव्यात.